बीडीडी चाचण्यांमध्ये स्टेपचा पुनर्वापर कसा करावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरच्या तुमच्या टीमने आडत दुकाने आणि हमीभाव खरेदी केंद्रे यांच्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरची चाचणी क्युकंबर या साधनाने करायला सुरुवात केली. क्युकंबर बीडीडीसाठी (बिहेवियर-ड्रिव्हन डेव्हलपमेंट) वापरतात, म्हणजे सॉफ्टवेअरने कसे वागावे हे साध्या वाक्यांत लिहून त्याच वाक्यांवरून चाचणी करण्यासाठी. अशा एका उदाहरणाला सिनॅरिओ, त्यातील प्रत्येक वाक्याला स्टेप, सिनॅरिओ ज्या फाइलीत लिहितात तिला फीचर फाइल आणि वाक्य ओळखून ते काम करणाऱ्या कोडला स्टेप डेफिनिशन म्हणतात. दोन वर्षांत सिनॅरिओ चारशेच्या घरात गेले, पण स्टेप डेफिनिशन त्याच्या दुप्पट झाल्या. नवा सिनॅरिओ लिहायला घेतला की जुनी एकही स्टेप जशीच्या तशी बसत नाही, म्हणून आणखी चार नव्या लिहाव्या लागतात. यावर टीममध्ये दोन मते पडली आहेत. काहींच्या मते ‘अमुक बटणावर क्लिक करतो’, ‘अमुक रकान्यात अमुक लिहितो’ अशा दहा-पंधरा सर्वसाधारण स्टेप ठेवून बाकीच्या काढून टाकाव्यात. इतरांच्या मते लहान स्टेप तशाच ठेवून त्या एखाद्या मोठ्या स्टेपमधून बोलवाव्यात. यांपैकी कोणता मार्ग बरा, आणि स्टेप मराठीत लिहिणे शहाणपणाचे आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे की या दोन्ही मार्गांनी कोडच्या ओळी कमी होतील, पण तुमची अडचण तशीच राहील. स्टेप ही व्यवहारातील एखाद्या घटनेचे नाव असते आणि पुनर्वापर त्या नावाचा व्हायला हवा. त्यामागची यांत्रिक कामे, म्हणजे पान उघडणे, सर्व्हरला विनंती पाठवणे, डेटाबेसमध्ये नोंद घालणे, यांचाही पुनर्वापर करायचाच आहे, पण तो फीचर फाइलमध्ये न करता तिच्या खाली, साध्या फंक्शनांच्या थरात करायचा. हे दोन पुनर्वापर एकमेकांत मिसळले की तुमच्यासारखी स्थिती येते. लातूरच्या बाजारपेठेशी संबंधित सॉफ्टवेअर मी बरीच वर्षे तपासत आलो आहे आणि ही चूक मी स्वतःही केलेली आहे, म्हणून पुढे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी यंत्रणा कशी चालते ते स्पष्ट करतो, कारण निम्मे गैरसमज तिथेच असतात. डॅन नॉर्थ यांनी २००३ च्या सुमारास बीडीडीची मांडणी सुरू केली, ‘दिलेली स्थिती, घडलेली घटना, अपेक्षित परिणाम’ हा तीन भागांचा साचा त्यांनी ख्रिस मॅट्स यांच्याबरोबर बसवला आणि २००८ मध्ये अस्लाक हेलेसॉय यांनी क्युकंबर लिहिले. क्युकंबरमध्ये एखादी स्टेप डेफिनिशन कोणत्याही एका फीचर फाइलची नसते. प्रकल्पातील सगळ्या डेफिनिशन एकत्र लोड होतात आणि प्रत्येक ओळीचा मजकूर त्या सगळ्यांशी ताडून पाहिला जातो. रुबी, जावा आणि जावास्क्रिप्टच्या क्युकंबरमध्ये ओळीच्या सुरुवातीचा कीवर्डही (‘जर’, ‘जेव्हा’, ‘मग’ असा ठरलेला शब्द) जुळवणीत धरला जात नाही, तर पायथनचे बिहेव आणि डॉटनेटचे रेक्नरोल या तशाच साधनांमध्ये तो धरला जातो. एकाच ओळीला दोन डेफिनिशन जुळल्या तर क्युकंबर संदिग्धतेची त्रुटी देऊन थांबते. याचा अर्थ असा की तुम्ही ठरवा अथवा ठरवू नका, तुमच्या सगळ्या स्टेप मिळून प्रकल्पाचा एकच सामाईक शब्दसंग्रह तयार होत असतो. ‘पट्टी’ हा शब्द एका फाइलमध्ये शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीसाठी आणि दुसरीत खरेदीदाराच्या बिलासाठी वापरला, तर ती चूक आज ना उद्या कोणत्या तरी सिनॅरिओत उघडी पडते.

आता ‘बटणावर क्लिक करतो’ हा मार्ग पाहू. पहिल्या महिन्यात तो फार सोयीचा वाटतो, कारण नवा सिनॅरिओ लिहायला एक ओळही कोड लागत नाही. पण अशा सिनॅरिओत व्यवहार उरत नाही, फक्त पडदा उरतो. हे मला समजले ते लातूरच्या एका आडत दुकानात, मुनीमजींच्या शेजारी बसून. मी त्यांना लॅपटॉपवर आमची फीचर फाइल दाखवली होती. ‘वापरकर्ता नवीन पट्टी या बटणावर क्लिक करतो, वजन या रकान्यात १२ लिहितो, दर या रकान्यात ४२०० लिहितो, जतन करा या बटणावर क्लिक करतो’ अशा तेवीस ओळी होत्या. त्यांनी त्या शांतपणे वाचल्या आणि विचारले, “सर, ह्यात माल कुठं आलाय?” मला उत्तर देता आले नाही. पुढच्या भेटीत तोच सिनॅरिओ मी पुढीलप्रमाणे लिहून नेला. त्यातील दर केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत.

जर “सोयाबीन” या मालाची २४ पोती, एकूण १२ क्विंटल आवक नोंदवलेली असेल
आणि हमालीचा दर क्विंटलमागे ८ रुपये असेल
जेव्हा क्विंटलमागे ४२०० रुपये दराने सौदा पक्का होतो
मग शेतकऱ्याच्या पट्टीत हमालीची वजावट ९६ रुपये असावी
आणि शेतकऱ्याला देय रक्कम ५०३०४ रुपये असावी

मुनीमजींनी दुसऱ्याच ओळीवर बोट ठेवले. “हमाली क्विंटलवर धरलीय. आमच्याकडं ती पोत्यावर असते.” म्हणजे वजावट ९६ नव्हे, १९२ रुपये व्हायला हवी होती आणि शेतकऱ्याच्या हातात ५०२०८ रुपये पडायला हवे होते. सॉफ्टवेअर चुकीचे होते, चाचणीही त्याच चुकीची होती, आणि म्हणून ती कित्येक महिने हिरवी, म्हणजे पास, दिसत होती. तेवीस ओळींच्या सिनॅरिओत ही चूक कोणालाही दिसली नसती, कारण तिथे हमालीचा उल्लेखच नव्हता. त्या दिवसापासून मी एक कसोटी पाळतो. स्टेपची ओळ मोठ्याने वाचली असता बाजारातील माणसाला तिच्यात चूक काढता आली पाहिजे. चूक काढता न येणारी ओळ कितीही ठिकाणी वापरली गेली, तरी ती चाचणीच्या भाषेत काही भर घालत नाही. शिवाय सर्वसाधारण स्टेपचा पुनर्वापर हा पडद्याच्या रचनेचा पुनर्वापर असतो. उद्या ‘जतन करा’चे ‘पट्टी काढा’ झाले, तर चारशे सिनॅरिओ तुम्हाला हाताने दुरुस्त करावे लागतील, आणि व्यवहारात तर काहीच बदललेले नसेल.

यातून सर्वांत नाजूक प्रश्न येतो: स्टेपच्या ओळीत काय दाखवायचे आणि काय आत ठेवायचे. पुनर्वापर होतो की नाही हे बहुतांशी इथेच ठरते. एका खरेदी केंद्राच्या सॉफ्टवेअरसाठी आमच्या टीमने ‘सगळीकडे चालेल’ अशी एक मोठी स्टेप बनवली होती. शेतकऱ्याने आणलेला माल, क्विंटल, ओलाव्याची टक्केवारी, काडीकचऱ्याची टक्केवारी, बारदान्याची संख्या, वाहनाचा प्रकार असे सगळे त्या एका ओळीत भरायचे. ती जवळजवळ प्रत्येक सिनॅरिओत वापरली जात होती आणि आम्हाला त्याचे समाधानही होते. हमीभाव खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. त्यामुळे माल नाकारला गेल्यावर शेतकऱ्याला संदेश जातो का, परत नेलेल्या मालाची नोंद होते का, तोच शेतकरी माल वाळवून पुन्हा आला तर जुना टोकन क्रमांक चालतो का, असे तपासणाऱ्या सगळ्या सिनॅरिओंत आम्ही ओलावा १३.५ टक्के लिहिला होता, म्हणजे माल आपोआप नाकारला जाईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या खरीप हंगामापुरती ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलला आणि आमचे कितीतरी सिनॅरिओ एका रात्रीत लाल झाले. त्यांपैकी ओलाव्याच्या मर्यादेविषयीचे सिनॅरिओ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. बाकीचे संदेशाविषयी, नोंदवहीविषयी आणि टोकनविषयी होते, आणि त्या नियमांत काडीचाही बदल झालेला नव्हता.

दुरुस्ती करताना आम्ही ती एक स्टेप मोडून दोन केल्या. ओलाव्याचा नियमच ज्या सिनॅरिओचा विषय आहे, तिथे मर्यादा आणि मोजलेला ओलावा हे दोन्ही आकडे ओळीत स्पष्ट दिसतात:

जर सोयाबीनसाठी ओलाव्याची मर्यादा १५ टक्के असेल
जेव्हा १५.५ टक्के ओलाव्याचे सोयाबीन तपासणीला येते
मग माल ओलाव्याच्या कारणाने नाकारला जावा

जिथे विषय वेगळा आहे, तिथे स्टेप फक्त ‘जर शेतकऱ्याचे सोयाबीन ओलाव्याच्या कारणाने नाकारले गेलेले असेल’ एवढेच म्हणते. किती टक्के, कोणत्या मर्यादेच्या तुलनेत, हे स्टेपमागचे फंक्शन त्या वेळच्या मर्यादेवरून ठरवते. हीच गोष्ट हमीभावाची. २०२४-२५ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि २०२५-२६ साठी तो ५३२८ रुपये झाला. रकमेचा हिशेब तपासणाऱ्या सिनॅरिओत हा आकडा लिहायलाच हवा, म्हणजे ४८९२ रुपये दराने २० क्विंटलचे ९७८४० रुपये होतात हे वाचणाऱ्याला कागदावर पडताळता येते. बँक खात्याचा तपशील चुकला तर पैसे अडकून राहतात का हे तपासणाऱ्या सिनॅरिओत मात्र ‘हमीभावाने खरेदी झालेली असेल’ एवढे पुरे आहे. ज्या तपशिलावर सिनॅरिओचा निकाल अवलंबून आहे तो ओळीत दिसावा, आणि ज्यावर अवलंबून नाही तो ओळीत येऊच नये. तुमच्या आठशे डेफिनिशनपैकी बऱ्याचशा याच कारणाने जन्माला आल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे, कारण अनावश्यक तपशील असलेली स्टेप पुढच्या सिनॅरिओत बसत नाही आणि मग तिची किंचित बदललेली जुळी बहीण लिहावी लागते.

मराठीत स्टेप लिहाव्यात का, या प्रश्नाला माझे उत्तर निःसंदिग्ध ‘हो’ आहे, मात्र फीचर फाइल बाजारातील किंवा केंद्रावरील माणसे खरोखर वाचणार असतील तरच. गर्किनमध्ये, म्हणजे फीचर फाइल ज्या साच्यात लिहितात त्यात, मराठीची सोय आहे. फाइलीच्या पहिल्या ओळीत भाषेचा संकेत दिला की ‘वैशिष्ट्य’, ‘पार्श्वभूमी’, ‘परिदृश्य’, ‘जर’, ‘जेव्हा’, ‘मग’, ‘आणि’, ‘पण’ हे कीवर्ड चालतात. पण इंग्रजी स्टेपचे शब्दशः मराठी केले तर पुनर्वापर सुधारण्याऐवजी बिघडतो, कारण आपल्या भाषेचे व्याकरण वेगळ्या ठिकाणी अडवते.

पहिली अडचण लिंगाची. तूर आली, हरभरा आला, सोयाबीन आले. मालाचे नाव पॅरामीटर (ओळीतील बदलती किंमत) केले की क्रियापद बदलते, आणि एका घटनेच्या तीन स्टेप तयार होतात. क्युकंबरच्या एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे डेफिनिशन कोणती ओळ ओळखेल हे सांगणाऱ्या नमुन्यात, तिरप्या रेघेने पर्याय देता येतात, म्हणजे ‘आला/आली/आले’ असे लिहिले तर तिन्ही रूपे एकाच डेफिनिशनला जुळतात. हा उपाय चालतो, पण मला त्याहून चांगला वाटतो तो वाक्याची बांधणी बदलण्याचा. ‘“तूर” या मालाची १२ क्विंटल आवक नोंदवलेली असेल’ या वाक्यात क्रियापद ‘आवक’ या शब्दाप्रमाणे चालते, त्यामुळे अवतरणचिन्हांत तूर असो, हरभरा असो की ज्वारी, बाकीचे वाक्य हलत नाही. विभक्तीचेही तसेच आहे. नाव थेट पॅरामीटर करून त्याला ‘ला’ किंवा ‘ने’ जोडायला गेलात, तर सामान्यरूप आडवे येते. ‘या शेतकऱ्याला’, ‘या आडत्याने’, ‘या केंद्रावर’ असा आधार दिला की प्रत्यय त्या आधाराला लागतो आणि पॅरामीटर मूळ रूपात राहतो. सातबाराच्या उताऱ्यापासून तहसीलच्या दाखल्यापर्यंत आपल्याकडची कार्यालयीन मराठी हीच युक्ती कायम वापरते, त्यामुळे वाचणाऱ्याला ती परकी वाटत नाही.

दुसरी गोष्ट अडचण नव्हे, तर उपयोगी पडणारी आहे. इंग्रजीत ‘पट्टी छापलेली आहे’ अशा अर्थाचे वाक्य स्थिती म्हणूनही चालते आणि परिणाम म्हणूनही. कीवर्ड जुळवणीत धरला जात नसल्यामुळे एकच डेफिनिशन एका ठिकाणी पट्टी छापायला लागते आणि दुसऱ्या ठिकाणी ती छापली गेली का हे तपासायला लागते, आणि तिथून मोठा घोळ होतो. मराठीत क्रियापदाचे रूप हे काम करू शकते. आमच्या टीमने नियम केला आहे की स्थिती सांगणारी प्रत्येक स्टेप ‘असेल’वर संपेल, घटना सांगणारी ‘होतो, करतो, येते’ अशा वर्तमानकाळी रूपावर संपेल आणि परिणाम सांगणारी ‘असावी, दिसावी, जावा’ अशा रूपावर संपेल. ‘जर’ या कीवर्डलाही ‘असेल’ हेच रूप शोभते. ‘जर नोंद झालेली आहे’ हे मराठी कानाला खटकते. या एका नियमाने आमच्याकडच्या संदिग्धतेच्या त्रुटी जवळजवळ नाहीशा झाल्या.

तिसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती जवळून दाखवतो. आमच्याकडे एकदा ‘शेतकऱ्याच्या पट्टीत’ ही स्टेप एका सहकाऱ्याच्या फाइलमध्ये सापडतच नव्हती. क्युकंबर तिला ‘डेफिनिशन नसलेली’ म्हणत होते आणि तो बिचारा दोन्ही ओळी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहत होता. फरक ‘ऱ्या’मध्ये होता. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर ‘ऱ’ला स्वतंत्र कळ आहे आणि तिच्याने तयार होणारे ‘ऱ्या’ हे युनिकोडमध्ये ऱ, हलन्त, य, काना असे असते. काही उच्चाराधारित कीबोर्ड तेच अक्षर साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, य, काना असे लिहितात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरमालिका आहेत, आणि युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण केले तरी ती एक होत नाहीत. त्यामुळे ‘शेतकऱ्या’, ‘व्यापाऱ्या’, ‘कर्मचाऱ्या’ या शब्दांची कोणतीही स्टेप असा दगा देऊ शकते. यावर फीचर फाइल जतन होताना एका छोट्या स्क्रिप्टने दुसरी मालिका पहिलीत बदलून घेणे हा उपाय आम्ही केला आणि आजवर तो पुरला आहे.

आकड्यांचेही सांभाळावे लागते. क्युकंबरचा पूर्णांकाचा तयार प्रकार जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी अंक ओळखतो, देवनागरी अंक त्याला अंक वाटत नाहीत. स्वल्पविराम असलेली ‘५०,२०८’ अशी रक्कमही पूर्णांकाच्या तयार प्रकारात बसत नाही. म्हणून ‘रक्कम’, ‘क्विंटल’, ‘टक्के’ असे स्वतःचे पॅरामीटर प्रकार एकदाच लिहून ठेवावेत, त्यांत दोन्ही लिपींतील अंक आणि लाख-हजारांचे स्वल्पविराम हाताळावेत आणि सगळ्या स्टेपनी तेच वापरावेत. असे प्रकार लिहिणे हाही पुनर्वापरच आहे, आणि माझ्या मते स्टेपच्या पुनर्वापराइतकाच मोलाचा. डेफिनिशनच्या एक्स्प्रेशनमध्ये ‘रुपये/क्विंटल’ असे कधी लिहू नका. तिथली तिरपी रेघ पर्यायाची खूण समजली जाते आणि ओळ जुळत नाही. कंसाचेही तसेच, त्यातला मजकूर ऐच्छिक मानला जातो. ‘क्विंटलमागे’ हा आपला शब्द असताना त्या रेघेची गरजही नाही.

स्टेपमधून स्टेप बोलावण्याच्या सूचनेविषयी आता थोडक्यात. रुबीच्या क्युकंबरमध्ये आणि बिहेवमध्ये ही सोय आहे, जावाच्या क्युकंबरमध्ये नाही. सोय असली तरी मी ती वापरू देत नाही. मोठ्या स्टेपच्या पोटात लहान स्टेपचे मजकूर लिहिलेले असतात, म्हणजे कोडमध्ये कोडऐवजी वाक्ये येतात. कोणी एका वाक्यातला शब्द सुधारला की दूरच्या कुठल्या तरी फाइलीतील मोठी स्टेप मोडते, आणि ती का मोडली हे एडिटरही धड सांगू शकत नाही. जे तुम्हाला साधायचे आहे ते दोन थरांनी अधिक सरळ साधते. वरच्या थरात स्टेप डेफिनिशन असते, तिने फक्त वाक्यातील किमती घ्याव्यात आणि खालच्या थरातील एक-दोन फंक्शने बोलवावीत. तीन-चार ओळींहून मोठी डेफिनिशन मी परत पाठवतो. खालच्या थरात ‘आवक नोंदव’, ‘सौदा पक्का कर’, ‘पट्टी काढ’ अशी व्यवहाराच्या नावाची फंक्शने असतात, आणि पडदा, एपीआय (पडद्याशिवाय सर्व्हरशी थेट बोलण्याची सोय) किंवा डेटाबेस यांची माहिती फक्त त्यांनाच असते. ‘सोयाबीनची पट्टी निघालेली असेल’ ही मोठी स्टेप हवी असेल तर तिच्या डेफिनिशनमध्ये ही तिन्ही फंक्शने ओळीने बोलवा. आवक, सौदा आणि पट्टी यांच्या लहान स्टेपही हीच फंक्शने वापरतील. वाक्य आणि काम वेगळे राहिल्यामुळे वाक्याची सुधारणा कोडला लागत नाही आणि कोडची सुधारणा वाक्याला लागत नाही. शिवाय स्थिती तयार करणाऱ्या स्टेप पडद्याऐवजी थेट एपीआयमधून गेल्या तर सगळा संच बराच वेगाने चालतो, हा वेगळा फायदा.

एका स्टेपमधील माहिती दुसरीपर्यंत कशी न्यायची, हेही पुनर्वापराच्या आड येते. क्युकंबरमध्ये यासाठी प्रत्येक सिनॅरिओगणिक नव्याने तयार होणारी जागा असते. रुबी व जावास्क्रिप्टमध्ये तिला वर्ल्ड म्हणतात, बिहेवमध्ये कॉन्टेक्स्ट, आणि जावामध्ये डिपेंडन्सी इंजेक्शनने तसाच एखादा ऑब्जेक्ट दिला जातो. स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या सिनॅरिओंना सामाईक असलेल्या जागेत, माहिती ठेवली तर ती पुढच्या सिनॅरिओत झिरपते, आणि एकटा चालवला की पास होणारा सिनॅरिओ संचात चालवला की नापास होतो. दुसरी काळजी सर्वनामांची. ‘त्या पट्टीत’, ‘तोच शेतकरी’ अशा स्टेप एका सिनॅरिओत एकच पट्टी आणि एकच शेतकरी असेपर्यंत गोड वाचतात. दोन शेतकरी आले की ‘तो’ कोण हे स्टेपला कळत नाही, आणि शेवटी नोंदवलेल्याला ती ‘तो’ समजते. म्हणून एकाहून अधिक पात्रे असतील तिथे नावाने बोलणारी स्टेप ठेवावी, आणि नावे रोजची ठेवावीत, ‘शेतकरी १’ आणि ‘शेतकरी २’ नव्हेत.

तुमच्या आठशे डेफिनिशनचे आता काय करायचे, तर त्या एकदम पुन्हा लिहायला बसू नका. क्युकंबरमध्ये कोणती डेफिनिशन किती ठिकाणी वापरली गेली हे दाखवणारा वापराचा अहवाल मिळतो, आणि चाचण्या प्रत्यक्ष न चालवता फक्त जुळणी तपासणारी ड्राय रनची सोयही आहे. दोन्ही चालवा. ज्या कुठेच वापरल्या जात नाहीत त्या आधी काढा. नंतर डेफिनिशनच्या फाइली फीचरप्रमाणे न ठेवता विषयाप्रमाणे लावा: आवक, सौदा, पट्टी, वजावट, ओलावा तपासणी, देयक. क्युकंबरच्या अधिकृत मार्गदर्शनातही डेफिनिशन फीचरला बांधून ठेवू नयेत असेच सांगितले आहे. असे लावल्यावर ‘वजावट’च्या फाइलीत एकाच हमालीच्या सात-आठ स्टेप शेजारी शेजारी दिसू लागतात, आणि त्या वेगळ्या फाइलींत असताना जे कोणाला दिसत नव्हते ते दहा मिनिटांत दिसते. त्यांपैकी कोणते वाक्य ठेवायचे हे मात्र टीमने आपसात ठरवू नये. ते सात-आठ पर्याय मुनीमजींसमोर किंवा केंद्रप्रमुखांसमोर ठेवावेत आणि ते तोंडाने जसे म्हणतात ते वाक्य ठेवावे. पुष्कळदा त्यांतले दोन पर्याय खरोखर वेगळ्या गोष्टी निघतात. आम्ही ‘तोलाई’ आणि ‘मापाई’ एकच समजून एक स्टेप काढून टाकणार होतो, पण आमच्या ग्राहकाच्या हिशेबात ती दोन वेगळी खाती होती.

नव्या स्टेपसाठी आमच्याकडे एक छोटी शिस्त आहे. लिहिण्याआधी विषयाची फाइल उघडून वाचायची, आणि तिथे जवळचे वाक्य असूनही नवे लिहावे लागत असेल, तर कोड तपासणाऱ्या सहकाऱ्याला त्याचे कारण एका ओळीत सांगायचे. ‘जुनी स्टेप फार तपशील मागते’ असे कारण आले, तर जुनी स्टेप दुरुस्त करायची. ‘घटनाच वेगळी आहे’ असे आले, तर नवी स्टेप आनंदाने ठेवायची. डेफिनिशनची संख्या कमी ठेवणे हे उद्दिष्ट मानू नका. व्यवहारात दोनशे निरनिराळ्या घटना असतील तर दोनशे स्टेप असणे योग्यच आहे.

जुन्या इंग्रजी स्टेपचे मराठीकरणही एकदम करण्याची गरज नाही. भाषा प्रत्येक फीचर फाइलीपुरती ठरते, त्यामुळे इंग्रजी आणि मराठी फाइली एकाच प्रकल्पात सुखाने नांदतात. काही काळ एकाच घटनेची एक इंग्रजी आणि एक मराठी अशा दोन डेफिनिशन राहतील. दोन्ही खालच्या थरातील त्याच फंक्शनकडे जात असतील, तर त्याने काही बिघडत नाही. जी फाइल या महिन्यात आडत्यांना किंवा केंद्रावरच्या माणसांना वाचायला द्यायची आहे, तीच आधी मराठीत आणा, आणि त्या फाइलीतली हमालीची ओळ सगळ्यात आधी त्यांना वाचून दाखवा.